लिफ्टसमोरचा जॉर्जिया

जपानमधल्या ग्योतोकुच्या कोमिनकानात, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या इमारतीत, महिन्यातून एकदा जुन्या सिनेमांचं मंडळ भरतं. ते चालवतात एक निवृत्त जपानी शिक्षक. सोव्हिएत काळातले रशियन सिनेमे दाखवून झाले आणि गर्दी ओसरली. पुढे जॉर्जिया, युक्रेन, कझाकस्तान असा बेत होता. शिक्षक हळूच म्हणाले, "जॉर्जियाला आठ माणसं जमली नाहीत, तर मालिका इथेच थांबवू."

मला ते पटेना. तिबिलिसीत, कीवमध्ये स्वतःचे स्टुडिओ होते. चेहरे वेगळे, विनोद वेगळा. तरी जग सगळ्याला रशियन सिनेमा म्हणून मोकळं होतं. त्यात आपणही निम्म्यातूनच उठायचं? आठ माणसं आणायचा विडा मी उचलला.

इथली आपली मराठी मंडळी मी ओळखून, वेळेवर येतील तर शपथ. खेळ साडेपाचला, पण निरोप पाठवला पाचचा. ही मंडळी दहा-दहा वर्षं जपानी गाड्यांनी ऑफिसला जातायत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. पाचला पाच कमी असताना अकरा जण दारात उभे, आणि खोलीत इकेबानाचा, म्हणजे फुलं रचायचा, वर्ग अजून रंगलेला.

"काकू, वेळ साडेपाचची आहे. दारावर लिहिलंय," शेजारचा इंजिनिअर म्हणाला.

"तुमच्यावर विश्वास नव्हता रे," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

"मग आम्ही जरा भाजी घेऊन येतो." त्याच्या बायकोने लिफ्टचं बटण दाबलंसुद्धा.

भाजीला गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला ठाऊक. मी लिफ्टसमोर आडवी उभी राहिले आणि घरी आधीच पाहिलेला सिनेमा सरळ तिथेच करून दाखवायला लागले. मूकपट होता, त्यामुळे आवाज माझाच. डोंगरातली एकटी गिरणीवाली, तिच्या पाण्यावर डोळा ठेवून असलेला जमीनदार. छत्री त्याची बंदूक झाली, माझी ओढणी शेवटी बांध फोडणारी नदी. माझा नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "अगं, खाली कोमिनकानचं ऑफिस आहे." जमीनदार आणखी मोठ्याने ओरडला. लिफ्ट दोनदा येऊन रिकामी गेली. इकेबानाच्या दोन आजी फुलं हातात धरून दारातच थांबल्या.

साडेपाचला शिक्षक आले. बोटाने मोजत अकरावर थांबले, मग त्या आजींकडे पाहून तेरा म्हणाले.

"पण काकू, गोष्ट तर संपली," इंजिनिअर म्हणाला. "आता आत बघायचं काय?"

"गिरणीवाली माझ्यापेक्षा देखणी आहे. बस जाऊन."

बसले सगळे. शेवटी तर नदीने बांध फोडण्याआधीच टाळ्या पडल्या, कारण ती फोडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवे लागल्यावर शिक्षक माझ्यासमोर कमरेत वाकले. "पुढच्या महिन्यात युक्रेन," ते म्हणाले. "तेव्हा मात्र गोष्ट कृपा करून नंतर सांगा."