मोठ्या जावयाची चटणी

बोरीवलीच्या चंद्रप्रकाशला आयुष्यात फारसं काही स्वतःचं असं मिळालं नव्हतं. फ्लॅट वडिलांनी घेतलेला. स्कूटर थोरल्या भावाने मनसोक्त वापरून दिलेली. मरोळच्या ज्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, तिथली खुर्चीसुद्धा आधीच्या सुपरवायझरच्या बसण्याने डावीकडे कललेली. पण एक गोष्ट अशी होती की जी जगात फक्त त्याच्या नावावर होती. मढला, त्याच्या सासुरवाडीत, दर जानेवारीत पोपटी लागायची आणि पोपटीबरोबर जी हिरवी चटणी ताटात पडायची, तिला सगळं घर 'जावयाची चटणी' म्हणायचं.

मढच्या कोळीवाड्यात पोपटी तशी पाहुणीच. ती आणली सासूबाईंनी, सुनंदाबाईंनी, त्यांच्या अलिबागकडच्या माहेराहून. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी आणि मधोमध केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. तोंड पाल्याने घट्ट बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि वर पेंढा-लाकडं रचून पेटवून द्यायचं. आत तेलाचा थेंब नाही की पाण्याचा नाही. कोंबडी आपल्याच घामात भाजून निघते.

आता अशा कोंबडीबरोबर काय खायचं, याचे त्या घरात कायदे होते. पोपटीला हिरवी चटणी. निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाला लाल, लसूण-मिरचीची. तव्यावरच्या कलेजीला नुसतं लिंबू, बाकी काही मागाल तर कलेजी उचलून नेली जाईल. एका वर्षी कुणीतरी पाहुणा टोमॅटो सॉसची बाटली घेऊन आला होता. ती जेवण होईपर्यंत ओट्याखाली चपलांच्या शेजारी उभी होती.

या कायद्यांतलं सगळ्यात कडक कलम असं, की नवा जावई पहिल्या पोपटीला आला की हिरवी चटणी त्याने पाट्यावर वाटायची. ती सासऱ्याला पसंत पडली तर जावई पसंत. चंद्रप्रकाशच्या बाबतीत हे कलम अगदी जिवावर बेतलं होतं. जया त्याला कारखान्याच्या कँटीनमध्ये भेटलेली. तो बोरीवलीच्या नोकरदार घरातला, मासळी म्हणजे रविवारी कागदात गुंडाळून आणायची वस्तू, एवढंच ज्ञान. ही कोळ्याची पोर, घरची बोट असलेली. लग्न होऊन चार महिने झाले तरी सासरा, रामचंद्र, त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. बोटीवर बसलेल्या कावळ्याकडे बघावं तसा बघायचा. पोपटीच्या दिवशी चंद्रप्रकाशने कोथिंबीर, लसणाची पात, मिरच्या आणि कोवळी चिंच घेऊन पाट्यावर असा काही घाम गाळला, की त्यातला किती चटणीत गेला हा प्रश्नच आहे. रात्री रामचंद्राने कोंबडीचा तुकडा चटणीत बुडवला, चघळला, मग नुसतं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "अजून वाढ." लग्न खरं त्या क्षणी लागलं, असं जया अजून सांगते.

त्याला वीसेक वर्षं झाली. चटणी दर वर्षी तशीच व्हायची. गंमत म्हणजे बोरीवलीत ती कधीच तशी झाली नाही. तीच कोथिंबीर, तीच चिंच, पण चव आपली साधी, भेळेवर घालायच्या लायकीची. चंद्रप्रकाशने याचा दोष आधी मिक्सरला दिला, मग पालिकेच्या पाण्याला आणि शेवटी ठरवलं की मढची हवाच वेगळी.

यंदा मात्र हवा पालटली. धाकट्या मेव्हणीने, दर्शनाने, चाळिशीला टेकल्यावर लग्न केलं. मुलगा घाटकोपरचा, नाव निमेश, गुजराती आणि ठार शाकाहारी. वर त्याच्या काकांचं फरसाणचं दुकान.

"म्हणजे कोंबडीची चटणी, कोंबडी न खाणारा माणूस वाटणार," चंद्रप्रकाश जयाला म्हणाला.

"रीत आहे ती. तू पण वाटलीस ना?"

"मी कोंबडी खातो गं."

"तू खातोस म्हणून कोंबडीला काय बरं वाटतं?" जया म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

त्याला खरी धास्ती होती ती फरसाणवाल्या काकांची. ही माणसं चटण्यांत जन्मलेली. ढोकळ्याची वेगळी, फाफड्याची वेगळी, समोशाची वेगळी. पुढच्या वर्षी 'जावयाची चटणी' म्हटलं की लोक विचारणार, कुठल्या जावयाची? आणि त्या घरात एका मडक्याला एकच चटणी, हाही कायदाच होता. पहिल्या वर्षापुरत्या दोन ठेवतील. मग एक राहील. जी चटणी त्याला त्या घराच्या उंबऱ्याच्या आत घेऊन गेली, तीच गेली तर आपण तिथे कोण? जयाबरोबर येणारा एक गृहस्थ. आठवडाभर तो कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे बघून उसासे टाकत होता.

त्यात निमेशने फोन केला. "साडूभाई, टिप्स द्या ना," म्हणाला, इतक्या गोड आवाजात की चंद्रप्रकाशला त्याचा आणखी राग आला. त्याने 'मनापासून वाट' एवढाच सल्ला दिला आणि फोन ठेवल्यावर आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे जयाला दोनदा सांगितलं.

पोपटीच्या दिवशी दुपारी सगळे मढला जमले आणि चंद्रप्रकाशच्या पोटातलं मडकं चहूबाजूंनी पेटलं. निमेश सुनंदाबाईंना 'मम्मी' म्हणत होता आणि त्या हसत होत्या. चंद्रप्रकाश गेली वीस वर्षं 'आई' म्हणत आला, त्यांना त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नव्हतं. निमेशसाठी शेंगा-बटाट्यांचं वेगळं गाडगं लावलं होतं. गाडगं छोटं, देखणं, गळ्याशी पाल्याची नीट वेटोळी. चंद्रप्रकाशला पित्ताचा त्रास म्हणून मसाला कमी घाला असं जया दर वर्षी सांगायची. त्याच्यासाठी कुणी कधी साधी वाटी वेगळी ठेवली नव्हती.

पाट्यावर आधी चंद्रप्रकाश बसला. मग निमेश बसला, आणि त्याला वाटता येत नव्हतं हे बघून चंद्रप्रकाशला जरा बरं वाटलं. वरवंटा पाट्यावरून घसरत होता, मिरची उडून त्याच्या चष्म्याला चिकटली. पण मग दर्शना हसत हसत शेजारी बसली, तिने त्याचा चष्मा पुसून दिला, आणि ते बरं वाटणंही गेलं. दोन्ही चटण्या दोन वाडग्यांत भरून, वर ताटल्या झाकून स्वयंपाकघरात ठेवल्या गेल्या. सगळे मागच्या अंगणात जाळाजवळ गेले.

थोड्या वेळाने चंद्रप्रकाश पाणी प्यायला म्हणून उठला. तहान त्याला नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातली मिठाची बरणी होती. एक मूठ, फार नाही, चुकून पडल्यासारखी. एवढ्या वर्षांत त्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. एखादी मूठ देवही माफ करील असा त्याचा हिशेब होता.

दारातच तो थांबला. सुनंदाबाई खाली बसल्या होत्या. निमेशच्या वाडग्यात त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत गेलेला. त्यांनी त्यात भाजलेलं खोबरं चुरडून घातलं, आमसुलाचं पाणी घातलं, चाखलं, थोडं मीठ टाकलं. मग हात धुऊन दुसरा वाडगा पुढे ओढला. चंद्रप्रकाशचा. शेजारच्या डब्यातून त्यांनी भाजून कुटलेल्या जवळ्याची, म्हणजे त्या बारीक सुक्या कोळंबीची, चांगली मूठभर पूड त्यात टाकली आणि न चाखताच ढवळली. रोज घराचं कुलूप लावणाऱ्या माणसाच्या हाताला जी सवय असते, ती त्या हाताला होती.

"आई," चंद्रप्रकाश म्हणाला.

त्यांनी वर बघितलं. दचकल्या वगैरे नाहीत. "दार लोटा. मांजर येतंय."

"हे तुम्ही दर वर्षी?"

"पैल्या वर्षापासून. तुमची चटणी तवा अगदी पाणचट झालेली, जावय. यांनी ती खाल्ली असती तर पोरीला परत घरी आणली असती. मना पोरीचं लगीन टिकवायचं होतं, चटणीचं काय."

चंद्रप्रकाश चुलीशेजारच्या पाटावर बसला. वीस वर्षांची त्याची एकमेव कीर्ती त्या डब्यातल्या पुडीची निघाली होती. मिक्सर निर्दोष होता. पालिकेचं पाणीसुद्धा. पण त्याच्या तोंडून शब्द निघाले ते असे: "मग त्याच्यात खोबरं घातलंत. माझ्यात कधी खोबरं नाही घातलं."

"तो मासळी खात नाय. त्याच्यात काय घालू, माझं डोकं?"

"आणि बाबांना हे माहीत आहे?"

"नाय. कशाला सांगू." त्यांनी दोन्ही वाडगे उचलले. "तुमी पण सांगू नका."

अंगणात मडकं उघडलं. वाफेबरोबर ओव्याचा आणि भांबुर्ड्याचा वास सगळ्या वाडीत गेला. केळीची पानं उघडली, सगळे चटईवर बसले. रामचंद्र मधोमध, दोन्ही वाडगे त्याच्यासमोर. चंद्रप्रकाश नुसता आपल्या वाडग्याकडे बघत होता, परक्याच्या मुलाकडे बघावं तसा.

तेवढ्यात निमेशने आपल्या गाडग्यातला गरम बटाटा सोलला, बोटं भाजली, फुंकर घातली आणि म्हणाला की स्वतःची चटणी नंतर, आधी साडूभाईंची, दर्शनाने लग्नाआधीपासून हिचं एवढं ऐकवलंय. आणि त्याचा हात चंद्रप्रकाशच्या वाडग्याकडे निघाला.

चंद्रप्रकाशच्या मनात दोन माणसं एकदम उठून बसली. एक म्हणाला, खाऊ दे. त्याला कळणार नाही. कौतुक करील, सगळ्यांसमोर करील, शाकाहारी माणसाने केलेलं कौतुक म्हणजे वजनदार. दुसरा म्हणाला, थांबव त्याला. पण बोललं तर सासूबाईंचं गुपित जाणार, आणि रामचंद्राला कळणार की ज्या चटणीपायी जावई पसंत केला ती याची नव्हतीच. त्या म्हाताऱ्याचा काही भरवसा नव्हता. तो वीस वर्षांनी पुन्हा बोलणं बंद करू शकला असता.

सुनंदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. बटाटा चटणीला लागायला एवढंसं अंतर राहिलं होतं, तेव्हा चंद्रप्रकाशने निमेशचं मनगट धरलं.

"नको खाऊ रे," तो म्हणाला. "त्यात जवळा आहे."

जयाने कोंबडीचा तुकडा तसाच हातात धरला. निमेशने हळूच बटाटा मागे घेतला आणि अगदी हलक्या आवाजात थँक्यू म्हणाला.

"तू कधीपासून जवळा घालतोस?" जयाने विचारलं.

"मी नाही घालत," चंद्रप्रकाश म्हणाला, आणि मग पुढचं वाक्य रामचंद्राकडे बघून, पण पानातल्या शेंगांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "बाबा, ती चटणी माझी नव्हती कधी."

रामचंद्राने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, सालं बाजूला ठेवली. त्याला घाई कसलीच नसायची.

"मढच्या कोळ्याला जवळा कळत नाय?" तो म्हणाला. "पैल्या दिवशी बोट चाटलं तवाच कळलं. म्हटलं, हिने हात घातलाय. हिने ज्याच्या वाडग्यात हात घातला, त्याला मी नको म्हणून जाऊ कुठं? मना याच घरात जेवायचं होतं."

सुनंदाबाई पदराआड काहीतरी पुटपुटल्या. ते बहुतेक नवऱ्याला उद्देशून होतं आणि चांगलं नव्हतं, कारण दर्शना हसून चटईवर आडवी झाली. रामचंद्राने निमेशचा वाडगा पुढे ओढला. कोंबडीचा तुकडा बुडवला, चघळला. मग नुसतं बोट बुडवून चाटलं. निमेशच्या चष्म्यावर वाफ धरली होती, पण तो पुसत नव्हता.

"खोबरं," रामचंद्र बायकोकडे बघून म्हणाला. आणि निमेशला, "अजून वाढ."

टाळ्याबिळ्या झाल्या. दर्शनाने नवऱ्याच्या पाठीत धपका घातला. चंद्रप्रकाशनेही टाळी वाजवली, पण त्याचं गणित आत चालूच होतं. त्याला चार महिने लागले होते, वर एक पोपटी. याला एक दुपार. आणि खोबरं.

जेवणं आटोपल्यावर तो पाटा धुवायला निघालेल्या सुनंदाबाईंच्या मागे मागे गेला. आता सगळं उघड झालंय, तेव्हा पुढच्या वर्षी काय, असं त्याने आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, आता गुपित राहिलं नाय, तुमची तुमी वाटा, त्याची तो वाटेल, मी पण म्हातारी झाले.

चंद्रप्रकाश त्यांच्या वाटेत उभा राहिला. "नाही आई," तो म्हणाला. "तुम्ही हात घाला. आणि आधी माझ्या वाडग्यात. मोठा जावई मी आहे."

सुनंदाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, चटणीने शर्ट हिरवा झालेला जावई. त्यांना हसू फुटलं. 'मम्मी'ला फुटलं होतं त्याच्यापेक्षा मोठं, हे चंद्रप्रकाशने मनात नोंदवून घेतलं.

"मोठे हाव ना?" त्या म्हणाल्या. "मग पाटा धुवा."

निमेश मदतीला धावत आला. दोघांनी दोन टोकांनी पाटा उचलला आणि नळाकडे निघाले. पाट्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलंच जड होतं. निमेश म्हणाला, साडूभाई, तुमची कंबर, ती बाजू मला द्या. चंद्रप्रकाशने काही दिली नाही.