कॉलेजातला मुंडा

कापसानं त्या वर्षांत वऱ्हाडाचं डोकंच फिरवलं होतं. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेत कापूस पोचेना, म्हणून आमच्या कपाशीला सोन्याचा भाव आणि शेठजींच्या बैलांना चांदीची घुंगरं. पैसा उतू गेला की माणसाला परोपकाराची हुक्की येते. अकोल्यातल्या आमच्या कॉलेजात मास्तर तयार होत. त्या कॉलेजानं मेळघाटातल्या कोरकूंशी स्नेह जोडावा, असं कॉलेजाला पैसा पुरवणाऱ्या शेठजींच्या मनानं घेतलं.

मुख्य गुरुजी पुण्याचे. आम्हा तिघा विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात गेले आणि एका गावाबाहेर झाडाखाली विद्येच्या महतीवर व्याख्यान झोडलं. ऐकायला आम्ही आणि गाडीचे बैल. गाव मोहफुलं वेचायला गेलेलं. निघताना झाडाखालचा एक कोरीव सागवानी खांब गुरुजींच्या डोळ्यांत भरला. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. "स्नेहाची खूण," म्हणाले आणि गाडीत घालायला लावला. आमच्या बार्शीटाकळीत याला चोरी म्हणतात.

कॉलेजच्या छपराखाली खांब मावेना. मग त्याचा बुंधा कापला, खांब सरस्वतीच्या तसबिरीशेजारी उभा केला आणि शेठजींच्या खर्चानं स्नेहभोजन झडलं. पुरणपोळीचा बेत होता. पंगतीत कोरकू औषधालाही नव्हता, पण त्यांच्या नावानं तूप सढळ वाढलं.

थोड्याच दिवसांत एक कोरकू बाई आणि तिच्या गावचा पटेल गाडीचा माग काढत पायी अकोल्यात आले. गुरुजी हरखले. "विद्येची ओढ!" म्हणत त्यांना आत घेतलं.

पटेल म्हणाला, "खांब नाई तो, साहेब. मुंडा हाय, हिच्या नवऱ्याचा. तो गावात उभा नसन तं मेलेला माणूस आपल्या वाडवडलाईत जात नाई. भटकत रायते. मुंडा न्याले आलो."

बाई तोवर मुंड्यापाशी बसली होती. तिचा हात घोड्यावरून खाली आला आणि कापलेल्या कडेवर थांबला.

गुरुजींनी साफ नाही म्हटलं. शाळाखात्याचे मोठे गोरे साहेब खांब बघायला यायचे होते. ती दोघं दारातच बसून राहिली. संध्याकाळी शेठजी आले, दारात कोरकू बघून विटाळाच्या भीतीनं मागे सरले, आणि त्यांच्या हुकमानं मुंडा लगेच कॉलेजच्या गाडीवर चढला. स्नेहाला जे जमलं नाही ते विटाळानं केलं.

"कापलेलं कुठी हाय?" बाईनं मला विचारलं.

मी मागच्या अंगणातल्या चुलांगणाकडे बोट केलं. पुरण त्याच लाकडावर शिजलं होतं. ती तिथं जाऊन बसली आणि ओंजळीनं राख पदरात भरू लागली. एक कोळसासुद्धा तिनं मागे ठेवला नाही. गुरुजींची पगडी त्याच चुलांगणात घालावी असं मला वाटलं.

गुरुजी ओट्यावरून बघत होते. त्यांचे डोळे पाणावले.

"पाहिलंत?" ते आम्हाला म्हणाले, "आपल्या पंगतीची राखसुद्धा प्रसाद म्हणून नेतेय. याला म्हणतात स्नेह."