बंबाची जाळी कोंबडीखाली

मंडळी, मी बोलतेय, नात कॉम्प्युटरवर टाइप करतेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

माझ्या इंजिनिअर लेकाने तेलाचं पिंप आडवं टाकून शेजारी लाकडांची लोखंडी पेटी जोडली. पेटीतल्या धुराने आणि धगीने पिंपात कोंबडी शिजणार म्हणे! आज त्यासाठी मल्लेश्वरमहून व्याही आले. धूर गल्लीभर, कोंबडी गारच.

"विहीणबाई, आज उपास आहे का हो?" व्याह्यांनी विचारलं. लेकाचा चेहरा एवढासा झाला.

मी पेटीत डोकावले. लाकडं राखेतच लोळत होती.

"अरे, खालून वारा कुठून येणार?"

"भोक ठेवलंय ना, आई."

"ते राखेने बुजलंय, बाळा."

शेवटी माझ्या आंघोळीच्या बंबाची जाळी काढून दिली. लाकडं जाळीवर चढली, राख खाली पडली, ती ओढून काढताच वारा शिरला आणि पेटी धडधडायला लागली. व्याह्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं.

आता लेक इथल्या कानडी वळणाने म्हणतो, "जाळी इथेच राहू दे, सरी?"

सरी म्हणजे ठीक म्हणे; ठीक कसलं! कोंबडीची सोय झाली. उद्या मी आंघोळीला कुणाकडे येऊ, सांगा?