बाराखडीची बोली

माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून कवळीवाल्यांची कामाची खोली. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचं काय चाललंय ते मला मशीनवर बसल्या बसल्या कळायचं. सकाळी प्लॅस्टरचे साचे ठोकून सोडवल्याचा आवाज, दुपारी घासायच्या यंत्राची घरघर. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि हे त्यावरून कवळ्या बनवायचे. दारावर 'दंतकारागीर' अशी पाटी होती, पण ती पाटीपुरतीच. गल्लीत सगळे कवळीवालेच म्हणायचे. तोंडावर म्हटलं तरी ते रागवत नसत, फक्त चष्मा वर सरकवत.

त्यांना शब्दांचा नाद होता. पेपरातलं शब्दकोडं सुटेपर्यंत चहा घशाखाली उतरायचा नाही. जेवताना बायकोला विचारायचे, "अगं, 'न'नं सुरू होणारं आणि 'क'नं संपणारं तीन अक्षरी काय असेल?"

"नरक नाहीतर नाटक," वहिनी म्हणायच्या. "आधी भाजी संपवा."

वहिनींना शब्दांत रस नव्हता. त्यांचं माहेर पत्त्यांचं. त्यातही त्यांच्या आई, म्हणजे कवळीवाल्यांच्या सासूबाई, पत्त्यांत वाघीण. पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि जिना चढता येईपर्यंत त्या लेकीकडे राहायला आल्या. काठीच्या आधारानं खोलीतल्या खोलीत चालायचं आणि उरलेला दिवस खुर्चीत. करमणूक एकच, पत्ते. दोघींना तिसरा भिडू हवा होता, आणि घरात तिसरं माणूस एकच होतं.

कवळीवाले पत्त्यांत अगदी कच्चे. हातातली पानं अशी धरायचे की शेजारच्याला सगळं दिसावं. सासूबाई बोलायला मऊ होत्या, पण खेळाच्या बाबतीत त्यांना राहवत नसे.

"जावईबापू, हुकूम बदाम होता."

"हो का?"

"मघाशी तुम्हीच बोललात."

असं रोज. शेवटी वहिनी मला हाक मारायला लागल्या आणि मी चौथा भिडू झालो, पण त्यानं कवळीवाल्यांचा खेळ सुधारला नाही. माझा जोडीदार म्हणून ते बसले की मी हरायची तयारी ठेवूनच बसत असे. त्यांनाही ते कळत होतं. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "तुम्हा तिघांची संध्याकाळ माझ्यापायी नासते. मला सोडून तुम्ही तिघं खेळलात तर मला वाईट वाटेल, आणि मी खेळलो तर तुम्हाला."

मग त्यांनी स्वतःच्या मनानं अक्षरांचा खेळ केला. कवळीसाठी वापरतात तीच पूड आणि तोच द्राव कालवून त्यांनी चपट्या सोंगट्या पाडल्या, काही दातांच्या रंगाच्या, काही हिरड्यांच्या गुलाबी. बारीक टोकाच्या हत्यारानं एकेक अक्षर कोरलं, खाचेत काळा रंग भरला आणि चाकावर घासून अशा गुळगुळीत केल्या की हातात घेतली तर सोडवेना. क, ख, ग सगळे होतेच. शिवाय काना, मात्रा, वेलांट्या, उकार यांच्या वेगळ्या सोंगट्या. टेबलावर नुसता ढीग झाला.

पहिल्या संध्याकाळी खेळ असा चालला: ज्याच्याकडे अक्षरं त्याच्याकडे काने नाहीत, ज्याच्याकडे काने त्याच्याकडे अक्षरं नाहीत. वहिनींना तीन वेलांट्या आणि चार उकार आले. सासूबाईंनी एक सोंगटी चष्म्याजवळ नेऊन विचारलं, "हे काय?"

"ङ."

"आपल्या घरात कोण वापरतं?"

थोड्या वेळानं वहिनी बसल्या जागी पेंगल्या. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत खेळून घेतलं आणि मग सरळ सांगितलं, "सोंगट्या छान झाल्यात हो. पण यात बोली कुठे आहे? आपल्याला काय मिळालंय ते मोजायचं, त्यापेक्षा थोडं जास्त बोलायचं आणि मग ते करून दाखवायचं. तेवढी धाकधूक नसेल तर संध्याकाळ कशाला घालवायची?"

कवळीवाल्यांना ते लागलं असेल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून घरघरीच्या मधे त्यांचं स्वतःशी चाललेलं पुटपुटणं ऐकू आलं, "बोली, बोली."

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी पँटची उंची मोजायला गेलो होतो. सासूबाई एकट्याच पत्ते लावत बसल्या होत्या. चौकटची सगळी पानं एक्क्यापासून राजापर्यंत ओळीनं मांडली होती. कवळीवाले समोर चहा पीत होते. चहा पिता पिता त्यांचं बोट पानांवरून सरकायला लागलं. क, का, कि, की... छक्कीवर कू आला, दश्शीवर कौ, गुलामावर कं, आणि राणीवर कः. तिथं बोट थांबलं.

"राजा उरला," ते म्हणाले.

"कशातून उरला?" सासूबाईंनी विचारलं.

मी टेप घेऊन तसाच उभा. मग ते सावकाश म्हणाले, "राजा जोडाक्षर करील. दोन अक्षरं जोडायची म्हणजे अधिकार लागतो."

त्याच दिवशी काना-वेलांटीच्या सोंगट्या बाद झाल्या. सोंगट्या फक्त अक्षरांच्या, आणि खुणा पत्त्यांतून घ्यायच्या. दुर्री म्हणजे काना, तिर्री आणि चौकी वेलांट्या, असं वर वर जायचं. साध्या अक्षराला पान लागत नाही, म्हणून एक्का मोकळा राहिला. तो हवी ती खूण होऊ शकतो. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसायचे. प्रत्येकानं आपल्या सोंगट्या आणि पानं बघून बोलायचं: चार अक्षरी, पाच अक्षरी. ज्याची बोली सर्वांत मोठी त्यानं शब्द लावून दाखवायचा. लागला तर गुण त्याचे, नाही लागला तर बाकीच्यांचे. ङ कायमचा डब्यात गेला.

भांडण झालं ते राणीवरून.

"विसर्ग कुठे येतो रोजच्या बोलण्यात?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे राजा जोडाजोड करणार आणि राणी हात चोळत बसणार?"

"बाराखडीच तशी आहे, मी काय करू?"

"बाराखडी तुम्ही नाही केलीत, खेळ तुम्ही करताय."

शेवटी ठरलं की राणी टाकली की दुसऱ्या कुणाच्याही हातातलं एक अक्षर मागून घ्यायचं. राणीनं मागितलं की द्यायचं, कुरकुर करायची नाही. हा नियम वहिनींचा, आणि खरं सांगायचं तर खेळात जीव आला तो त्यानंच.

सासूबाईंची अडचण निराळी. जन्मभर त्यांनी दुर्री हातातून आधी टाकली होती, आणि इथं सगळ्यांत गरज तिचीच. बोट आपोआप दुर्रीकडे जायचं आणि पान टेबलावर पडायचं. "हातात दोन राजे, आणि मी भिकारी," असं म्हणत त्या हसायच्या. पहिले काही डाव त्या सपशेल बुडाल्या. कवळीवाले मात्र जिंकायला लागले. पत्ते खेळताना त्यांचे खांदे कसे आखडलेले असत, ते मला तेव्हा समजलं, कारण आता ते सैल झाले होते.

मग एका संध्याकाळी सासूबाई पानं लावता लावता म्हणाल्या, "पाच."

कवळीवाले चार बोलले होते. ते मागे सरले. सासूबाईंनी राणी टाकून माझ्याकडून 'व' मागून घेतला. मग एकेक सोंगटी मांडली. क. व. ळ, त्यावर चौकी. व, त्यावर दुर्री. ल, त्यावर दुसरी दुर्री.

कवळीवाला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी कवळीवाल्यांकडे बघेना. शब्द धरायचा की नाही हे ठरवणं त्यांच्याकडे असायचं. त्यांनी चष्मा वर सरकवला, शब्द दोनदा वाचला.

"शब्द आहे," ते म्हणाले. "पाच गुण."

"रागावलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. एवढ्या दुर्ऱ्या साठवल्यात, याचंच नवल वाटतंय."

त्यांना काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा कवळी न्यायला आल्या आणि दोन डाव खेळून गेल्या. त्यांच्या ओळखीनं कवळीवाले खेळणी बनवणाऱ्या एका कारखानदारालाही भेटले. त्याला सोंगट्या आवडल्या. पण खेळ लांब आहे, तो म्हणाला, बोली काढा, म्हणजे लवकर आटपेल. कवळीवाल्यांनी त्याचे आभार मानले आणि डबा काखेत मारून घरी आले. "बोली काढली तर तो माझा पहिलाच खेळ उरतो," ते मला म्हणाले, "आणि त्यात आमची ही झोपली होती." त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. कुणी मागितलाच तर उरल्यासुरल्या मालातून ते एक संच करून देतात. आमच्या गल्लीत आता बऱ्याच घरांत हिरडीच्या रंगाची अक्षरं आहेत.

सासूबाईंचा पाय बरा झाला आणि त्या मुलाकडे परत गेल्या. जाताना एक संच घेऊन गेल्या. तेव्हापासून घासायचं यंत्र दुपारी मधेच बंद झालं, की मी ओळखतो, कुठल्यातरी शब्दावरून सासूबाईंचा फोन आलाय.

परवाही आला. भिंतीपलीकडून मला फक्त कवळीवाल्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"दुपारी? नाही, विभक्तीचा प्रत्यय लागला की चालत नाही... हो, शब्दकोशात सापडेलही... कुणी लावलाय? सूनबाईंनी? आणि तुम्ही तिच्या बाजूनं भांडताय?" मग बराच वेळ ते ऐकत होते. "बरं, धरा. पण 'सकाळी' मागू नका म्हणावं."

यंत्र पुन्हा सुरू झालं. मीही सुईत दोरा ओवला.