विचार करून बोलणारा माणूस

वीसेक वर्षं झाली असतील. गंगापूर रोडच्या एका सभागृहात पडद्यावरून परदेशातला शेतीतज्ज्ञ आपल्या शेतकऱ्यांशी बोलणार होता. मला शेती कुठली? मी आपली मंडळाच्या बायकांबरोबर गेले, खरं सांगायचं तर सामोशासाठी. शेजारी एक गुलाबवाली बसली होती, मांडीवर ओल्या फडक्यात एक फांदी घेऊन. तिचा सगळा गुलाब शेंड्याकडून वाळत चालला होता.

कार्यक्रम चालवणाऱ्या शेती खात्याच्या साहेबांनी तिची ती फांदी कॅमेऱ्यापुढे धरून इंग्रजीत प्रश्न विचारला. आवाज तिकडे पोचून उत्तर यायला चार-पाच सेकंद लागत. साहेबांना धीर कुठला! ते मधेच "हॅलो, हॅलो" करत, दोघांचे आवाज एकमेकांत अडकत, आणि वेळ तर संपत आलेला.

ही गुलाबवाली ताडकन उठली. "ओ साहेब, गप बसा की जरा! एवढा शिकलेला माणूस, विचार करून बोलतोय. करू द्या ना त्याला विचार!"

साहेब खरंच गप्प झाले आणि उत्तर स्वच्छ ऐकू आलं. साहेबांनी ते मराठीत सांगितलं, "वाळलेल्या भागाच्या खाली, हिरव्यात छाटा. कात्री दर वेळी पुसून घ्या."

ती खाली बसली आणि माझ्या कानाशी लागली, "हे तर माझी सासू कव्हाची सांगती. पण ती पटकन सांगती ना, म्हणून मी ऐकलं नाय."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण तेव्हापासून सुनेनं काही विचारलं, की मी मनात पाचपर्यंत मोजते, मग बोलते. ऐकते हो ती आता!