राहती खोली

रोह्याला बदली झाली तेव्हा मी भाड्याने खोली शोधत होतो. एका चाळीचा मालक मला वरच्या मजल्यावरची खोली दाखवायला घेऊन गेला, तर आत बिऱ्हाड होतं. चाळिशीतली एक बाई ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता, पण तिचा हात थांबत नव्हता.

"एक तारखेला रिकामी होईल," मालक तिच्यासमोरच म्हणाला. ती कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. शिफ्ट कमी झाल्यापासून तिला वाढीव भाडं झेपत नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. मी मोरी बघायला वळलो, तेव्हा तिने तिथे वाळत घातलेले कपडे घाईघाईने ओढून काढले.

मालकाचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गॅलरीत गेला. ती पटकन जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नाय म्हणा, भाऊ. दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तरी ऱ्हाता येईल. पोरीची दहावीची परीक्षा हाय, तेवढी होऊ दे."

मला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. तरी मी मालकाला सांगितलं, "लहान पडेल मला." त्याने तोंड वाकडं केलं. बाईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आपण कुणाचं तरी भलं केलं, अशा समाधानात मी जिना उतरत होतो. समोरून एक माणूस बायकोला घेऊन वर येत होता.

"खोली बघितलीत? कशी हाय?" त्याने विचारलं.

"गळते," मी खोटंच सांगितलं.

"गळू दे," तो म्हणाला आणि भराभर जिना चढून गेला.