आधी गोळी

‘१२ जानेवारी २०२४. ब्लडप्रेशर एकशे सत्तर. नात ऋग्वेदाने गोळ्यांचं पाकीट तपासलं, सहा गोळ्या जास्त निघाल्या.’

डायरी लिहिता लिहिता गिरगावातल्या कुमुदताईंचा हात थांबला. सकाळी चहाबरोबर त्या ‘गोळी घेतली’ असं आधीच लिहून टाकत आणि गोळी घ्यायची राहून जाई. की आईचा विसरभोळेपणा आपल्यात उतरला? शाळेच्या फाटकाशी गरम डबा घेऊन उभी राहणारी आई म्हातारपणी त्यांनाच विचारायची, “बाई, तुम्ही कुणाच्या?”

“आजी, डॉक्टर काय म्हणाले?” नात ऋग्वेदा म्हणाली. “पणजीकडून आलेलं आपल्या हातात नाही, प्रेशर मात्र आहे. आधी गिळ, मग लिही!”

“दवाखान्यातल्या सिस्टरपेक्षा कडक आहेस गं!” कुमुदताईंनी हसत आजची राहिलेली गोळी घेतली आणि खाली लिहिलं, ‘रात्री मुगाची खिचडी केली, मीठ निम्मं.’